शिट्टीबाईंचे गुडघे आणि मी

मी लघवीची बाटली बोलतेय. झालं, मुरडलंत नाक? मुरडा, मला सवय आहे. पण खरं सांगा, तुमच्या घरात असा एक तरी माणूस आहे का, ज्याने माझ्या एखाद्या बहिणीला कागदात गुंडाळून, इकडेतिकडे बघत, दवाखान्यात नेलेलं नाही? मधाच्या बाटलीने आपली कहाणी सांगितली की तुम्ही कौतुकाने ऐकता. मग थोडं माझंही ऐका.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. पांढरे दाणे तापवायचे, वितळले की साच्यात दाबायचे, गार झाले की टपकन खाली पाडायचे, असं आमचं बाळंतपण. शेजारच्या साच्यातून चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डब्या निघत. आम्ही सगळ्या एकाच दाण्याच्या, पण त्यांचा तोरा काय सांगू. त्यांच्यावर सोनेरी अक्षरं उमटायची, आमच्यावर नुसत्या रेघा आणि आकडे. त्यांतली एक मला म्हणाली, तुला कुठे जायचंय ते माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. तिने सांगितल्यावर मी दिवसभर झाकण घट्ट लावून बसले.

आम्हाला उजेडासमोर धरून तपासणाऱ्या मावशी मात्र आमच्यावर जीव टाकायच्या. क्रीमच्या डबीला बारीकशी चीर असली तर चालून जातं, त्या म्हणायच्या, पण हिला असली तर माणसाची पिशवीही जाते आणि अब्रूही जाते. ते ऐकून मला पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला.

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या ड्रॉवरमध्ये येऊन पडले. ड्रॉवरमधलं आयुष्य म्हणजे नुसती वाट बघणं. आमच्यातल्या एकीला कारकुनाने उचललं आणि तिच्यात टाचण्या भरून ठेवल्या. ती सुटली म्हणायची की वाया गेली, यावर आमच्यात बरेच दिवस वाद चालला होता.

भरून परत आलेल्या बहिणी समोरच्या टेबलावर रांगेत बसायच्या, त्यांच्याकडून माणसांच्या तऱ्हा कळायच्या. रिकामी बाटली माणूस अगदी राजरोस घेऊन जातो, पण भरलेली आणताना त्याचा चोर होतो. कोणी मोज्यात घालून आणतं, कोणी छत्रीच्या घडीत. काही जण काठोकाठ भरतात, जणू कमी पडलं तर डॉक्टर रागावतील. काही जण तळाला चार थेंब आणतात आणि पुरेल ना म्हणून विचारतात. आणि खिडकीतून मला आत देताना सगळेच्या सगळे दुसरीकडे बघतात. मी काही त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नसते, पण त्यांना कोण समजावणार.

मग एक दिवस आमच्या ड्रॉवरमध्ये खळबळ उडाली. रुग्णालयातले गुडघेवाले डॉक्टर एक अभ्यास करणार होते आणि त्यासाठी त्यांना आम्ही हव्या होतो. तोवर आम्हाला साखर आणि जंतू एवढंच ठाऊक. गुडघा दुखतोय आणि तपासायची लघवी, हे आमच्यातल्या थोरलीला मुळीच पटेना. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं ती म्हणाली.

पण डॉक्टरांचं म्हणणं तसं सरळ होतं. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. वय झालं, वजन वाढलं, फार वापर झाला की ते झिजतं. झिजलं की त्याचे अगदी बारीक तुकडे रक्तात उतरतात, रक्तातून मूत्रपिंडात जातात आणि तिथून थेट माझ्याकडे येतात. ते तुकडे मोजले तर आत झीज किती जोरात चालली आहे हे कळावं, अशी डॉक्टरांची आशा होती. आशाच म्हणते, कारण अजून पक्कं काही ठरलेलं नव्हतं. ते ठरवायला तर आम्हाला बोलावलं होतं.

अशा या मानाच्या कामासाठी एका सकाळी माझ्यावर चिठ्ठी चिकटली, आणि मी एका बाईच्या पर्समध्ये जाऊन पडले. ती शिट्टीबाईंची सून.

शिट्टीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या व्यायामशिक्षिका. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणतं, त्यांच्या पाठीमागे शिट्टीबाई. शिट्टी गळ्यात असते ती फक्त आंघोळीला जाताना उतरते. घरातसुद्धा त्या शिट्टीवरच कारभार चालवतात. एक फुंकर म्हणजे चहा, दोन म्हणजे टीव्ही बंद, आणि लांबलचक वाजली तर मुलाने ओला टॉवेल गादीवर टाकलाय असं समजायचं.

पण त्यांचा खरा जीव होता तो व्हॉलीबॉलच्या पंचगिरीत. जाळीच्या खांबाला लागून एक उंच शिडी असते, तिच्या वरच्या टोकाला पंचाला उभं राहण्यापुरती फळी. शाळा सुटली तरी बाईंनी ती फळी सोडली नव्हती. गावातल्या क्रीडा मंडळाच्या प्रत्येक सामन्याला त्या वर उभ्या असायच्या आणि खालच्या उंच उंच गड्यांना पोरांसारखं दटावायच्या. खाली मला सगळे आजी म्हणतात, वर कोणी म्हणत नाही, असं त्या स्वतःच सांगत.

घोळ झाला तो गुडघ्यांमुळे. मागच्या हंगामात शेवटचा सामना संपल्यावर बाई शिडीच्या मध्यावर अडकल्या. वर जाता येईना, खाली येता येईना. शेवटी जिंकलेल्या आणि हरलेल्या, दोन्ही संघांनी मिळून त्यांना उचलून खाली घेतलं. दोन्ही संघांनी एकमताने केलेली ती हंगामातली एकमेव गोष्ट. दुसऱ्याच दिवशी मंडळाचे सेक्रेटरी घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले की यंदा गुडघ्यांचा डॉक्टरी दाखला आणल्याशिवाय बाईंना शिडीवर चढू देता येणार नाही. बाईंनी त्यांना दुसरा कप विचारला नाही.

दाखल्यासाठी सून त्यांना गुडघेवाल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं की अभ्यासात नाव घाला, लघवीची तपासणी आणि एक्स-रे दोन्ही होईल, मग दाखल्याचं बघू. आता ही सून म्हणजे काळजीचं माहेरघर. शिंक आली तरी ती घड्याळ बघते. ओट्याच्या कोपऱ्यात मला ठेवून तिने सासूबाईंना पुन्हा पुन्हा बजावलं की सकाळची पहिली सोडून द्यायची, दुसऱ्या वेळेची बाटलीत घ्यायची, आणि घेतली की लगेच फ्रिजमध्ये ठेवायची.

सकाळी सून आंघोळीला गेली. बाई मला हातात धरून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या सेक्रेटरींकडे पाहत असतील. तेवढ्यात त्यांची नात जिन्यावरून धडधडत आली. बारा वर्षांची, नुसती ताडमाड. शाळेचा गणवेश शिवून आणेपर्यंत आखूड व्हायचा अशी तिची वाढ. बाईंची नजर तिच्या गुडघ्यांवर गेली आणि तिथेच थांबली.

"काय गं, जिना उतरताना गुडघे दुखतात का तुझे?"

"मी उतरत नाही. उड्या मारते."

"झालं तर मग," असं म्हणून बाईंनी मला तिच्या हातात दिलं.

नातीला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. मुलींच्या संघात ती खेळायची. आजीच्या जागी जे काका पंच म्हणून येणार होते, ते सामना चालू असताना फोनवर प्लॉटचे भाव विचारतात हे तिला माहीत होतं. पण आजीनेच शिकवलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणून तिने एकदा विचारलंच.

"पण आजी, हे फाउल नाही का?"

"पंचाने पाहिलं तर फाउल," बाई म्हणाल्या.

मी पाहत होते. पण मला कोण विचारतो. सुट्टीत आजी रोज मारायला लावायची त्या दोरीवरच्या उड्या नातीने माफ करून घेतल्या आणि व्यवहार ठरला. पुढचा तपशील सांगणं माझ्या संस्कारात बसत नाही. एवढंच सांगते की बाटलीवर नाव आजीचं होतं आणि बाटलीत नात होती.

मग मी फ्रिजमध्ये गेले. फ्रिज म्हटल्यावर पुढे काय झालं असेल याचा तुम्ही मनात अंदाज बांधला असेल. तसं काही झालं नाही. सुनेने मला तीन पिशव्यांत बांधून वर कागद चिकटवला होता आणि त्यावर 'पिऊ नये' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मुलाने तो वाचला आणि त्या दिवशी फ्रिजमधलं काहीच खाल्लं नाही.

प्रयोगशाळेत माझी जबाबदारी नमुने तपासणाऱ्या एका चष्मेवालीकडे आली. तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि दोन्ही हातांत हातमोजे असल्यामुळे ती तो खांद्याने वर ढकलायची. ती आमच्याशी बोलायची. काय गं, बरी आलीस ना, सांडली नाहीस ना, असं प्रत्येकीला विचारायची. मी तिच्या प्रेमातच पडले. माझ्यातलं थोडं काढून तिने यंत्रात घातलं, उरलेलं माझ्यातच ठेवलं आणि गुणगुणत आकड्याची वाट बघत बसली.

आकडा आला आणि तिचं गुणगुणणं थांबलं. तिने पुन्हा तपासलं. यंत्र पुसून, बंद करून, चालू करून पुन्हा तपासलं. मग डॉक्टरांना बोलावलं. तेही बघतच राहिले. अभ्यासातल्या कुणाचाच आकडा याच्या आसपासही नव्हता. एवढी झीज चालू असलेला माणूस उभा कसा राहतो, असं ते म्हणाले.

बाईंना वाटलं होतं, तरुण पोरीचं भरलं की तरुण गुडघे निघतील. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते हेच.

डॉक्टरांनी सुनेला फोन केला. ते एवढंच म्हणाले की आजींना सध्या फार चालवू नका आणि जमलं तर आजच घेऊन या. हे काळजीच्या माहेरघराला सांगायची गोष्ट आहे का? तिने सासूबाईंना पलंगावरून पाय खाली ठेवू दिला नाही. शिट्टी फुंकण्याने ताण पडेल म्हणून ती काढून पर्समध्ये घातली. भाड्याची चाकाची खुर्ची मागवली, शेजारचे दोघे आणि कुरिअरवाला यांच्याकडून जिन्यावरून खाली उतरवून घेतलं. बाई ओरडत होत्या की मला चालता येतंय. त्यावर सून म्हणाली की आई, तुम्हाला धीर आहे हेच तुमचं दुखणं आहे.

डॉक्टरांच्या खोलीत वरात आली तेव्हा मी टेबलावरच होते, पुरावा म्हणून. खुर्चीत पांघरुणात गुंडाळलेल्या बाई, मागे खुर्ची ढकलणारी नात, बाजूला रुमाल घेतलेली सून. बाईंनी मला पाहिलं आणि नजर वळवली. नात तर छताकडेच बघत होती.

डॉक्टरांनी बाईंचा गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला. आतून कुरकुर ऐकू आली, पण काही भयंकर नव्हती. त्यांनी बाईंना उभं केलं, चालवलं. एक्स-रे उजेडाला लावून पाहिला. झीज होती, बऱ्यापैकी होती, पण माझ्या आकड्याशी तिचं काहीच जुळेना. डॉक्टरांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग चष्मेवालीला आत बोलावलं.

सगळ्यांसमोर त्यांनी तिला विचारलं की नमुने बदलले का. ती नाही म्हणाली. मग चिठ्ठ्या चुकल्या का. ती नाही म्हणाली. मग हा आकडा आला कुठून, त्यांनी विचारलं, आणि एक चुकला असेल तर बाकीचे बरोबर कशावरून? आतापर्यंत मोजलेलं सगळं टाकून द्यावं लागेल आणि उद्यापासून हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल, असं ते म्हणाले. ते रागावून बोलत नव्हते, थकून बोलत होते. ते जास्त वाईट वाटत होतं.

"मी बदलली नाही, सर," चष्मेवाली म्हणाली. "ही तीच बाटली आहे." तिचा चष्मा घसरला होता, हात मोकळे होते, तरी तिने तो वर केला नाही.

त्या क्षणी मला तोंड असूनही काही उपयोग नाही याचं जेवढं दुःख झालं, तेवढं कधीच झालं नव्हतं. खरं काय ते माझ्या पोटात होतं. सांगू शकत होती ती एक म्हातारी आणि एक पोर. पोर रडायच्या बेतात होती. म्हातारीने तोंड उघडलं असतं तर दाखला गेला, शिडी गेली, फळी गेली. गप्प राहिली असती तर फार तर खुर्चीत बसावं लागलं असतं, आणि तेही काही दिवसच.

बाई खुर्चीत सरळ झाल्या. "सूनबाई, माझी शिट्टी दे," त्या म्हणाल्या.

सुनेने घाबरून दिली. बाईंनी ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या समोर, अशी काही वाजवली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. त्यांतल्या दोघांनी आपले गुडघे दुखतात हे विसरून दाराशी धाव घेतली.

"त्या चष्मेवाल्या पोरीला बोलू नका. फाउल माझा आहे," बाई म्हणाल्या. "त्या बाटलीत मी नाहीच."

डॉक्टरांनी मला उचलून उजेडासमोर धरलं, जणू आत कोण आहे ते दिसणार होतं. मग नातीने छताकडे बघतच हात वर केला. सुनेच्या हातातून रुमाल पडला.

डॉक्टर आता रागावणार म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी नातीला वय विचारलं. वर्षभरात किती वाढलीस ते विचारलं. उत्तर सुनेनेच दिलं की चपला घेऊन घरी येईपर्यंत लहान होतात. मग डॉक्टर जे हसायला लागले, ते थांबेनात. डोळे पुसून त्यांनी आधी चष्मेवालीला बसायला खुर्ची दिली आणि माझं चुकलं म्हणाले. मग बाईंकडे वळले.

"बाई, घर पाडताना राडारोडा निघतो ना? तसा बांधतानाही निघतो. रस्त्यावरचा ढीग बघून आत काय चाललंय ते कळत नाही. हिची हाडं लांब होतायत. तिथेही कूर्चा रोज मोडते, रोज नवी होते. तुकडे तेच. म्हणून तर वाढत्या वयाची मुलं आम्ही या अभ्यासात घेत नाही."

म्हणजे बघा, दुसऱ्या कुणाचंही भरलं असतं, अगदी सेक्रेटरींचं, तरी एखाद्या वेळेस खपून गेलं असतं. बाईंनी नेमकी ती एकच बाटली भरली जी खपणं शक्य नव्हतं. नात मात्र आपण इतका राडारोडा करतोय हे ऐकून जरा खूश दिसली.

बाई खुर्चीतून उठल्या. चष्मेवालीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. मग तिच्याकडे नवी बाटली मागितली. दाखल्याचं काय, असं सुनेने हळूच विचारलं. बाई म्हणाल्या की आधी खरं काय ते बघू.

ती नवी बाटली माझ्याच खोक्यातली, माझी धाकटी बहीण. काम झाल्यावर ती फ्रीजरमध्ये माझ्या शेजारी आली. मी रद्द झाले होते, माझ्या चिठ्ठीवर मोठी फुली मारली होती, तरी अभ्यास संपेपर्यंत मला ठेवायचं ठरलं होतं. तिथल्या गोठवणाऱ्या थंडीत धाकटीने मला सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बाई घरी न्हाणीघरात स्टुलावर बराच वेळ तिला हातात धरून बसल्या होत्या. मग तिच्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "असेल ते सांग बाई एकदाचं." धाकटी म्हणाली की तिला रडू आलं, पण रडायची सोय नव्हती.

तिने असेल ते सांगितलं. आकडा चांगला नव्हता. माझ्यासारखा आभाळाला भिडलेला नव्हता, पण अभ्यासातल्या वरच्या रांगेत बसणारा होता. एक्स-रे आणि तपासणीही तेच सांगत होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, वजन उतरवायला सांगितलं, चालणं सोडू नका म्हणाले. शिडी मात्र नाही. चष्मेवाली हे कुणाला तरी सांगत होती तेव्हा फ्रीजरचं दार उघडं होतं, म्हणून मला कळलं. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात एकदाच फसवणूक केली त्या बाईने, आणि तीसुद्धा धड जमली नाही.

त्यानंतर मी बाईंना पाहिलं ते थेट माझ्या शेवटच्या दिवशी, म्हणजे आज. अभ्यास आटोपला. चष्मेवालीने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि टाकायच्या पिशवीपाशी रांगेत मांडलं. तेवढ्यात बाई आत आल्या. काठी हातात, शिट्टी गळ्यात. खालच्या मजल्यावर व्यायामाला येतात, आज तिला भेटायला म्हणून वर आल्या होत्या, लिफ्टने.

चष्मेवालीने चाचरतच विचारलं की सामने सुरू झाले का. झाले की, बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. शिडीवर कोण चढणार, असा मंडळात प्रश्न पडला. प्लॉटवाल्या काकांना घ्यायला कुणी मनापासून तयार नव्हतं. नियम सगळे पाठ असलेला माणूस मिळेना. आणि मग बाईंच्या लक्षात आलं की लग्न होऊन आल्यापासून जेवताना रोज नियमांची उजळणी ऐकलेला एक माणूस त्यांच्या घरातच आहे. सुनेने आधी नाही म्हटलं, मग रडली, मग शिडीचे सगळे खिळे स्वतः हलवून बघितले आणि वर चढली. बाई खाली उभ्या राहिल्या, जाळीच्या दुसऱ्या बाजूला, दुय्यम पंच म्हणून.

पहिलाच सामना पोस्टमन आणि बेकरीवाल्यांचा. ऐन रंगात आलेला असताना एक चेंडू रेषेपाशी पडला. बाईंनी खालून बाहेरची खूण केली. सुनेने वरून आतची. बाई तरातरा शिडीपाशी गेल्या, काठी आपटली आणि बाहेर आहे म्हणाल्या. सगळं मैदान सासू-सुनेकडे बघायला लागलं. बेकरीवाल्यांनी तर खाली बसून घेतलं. शिंक आली तरी घड्याळ बघणारी ती सून, वरून खाली वाकली आणि म्हणाली, "आई, वरच्या पंचाचा निर्णय शेवटचा. जागेवर जा."

"मग?" चष्मेवालीने विचारलं.

"मग काय, गेले जागेवर."

"पण चेंडू आत होता की बाहेर?"

बाई शिट्टी बोटांत फिरवत राहिल्या. मग हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं.

"आत होता," त्या म्हणाल्या. "खालून बाहेर दिसतो. वरूनच नीट दिसतं. इतकी वर्षं मी सगळ्यांना दुसरं काय सांगत होते?"

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. बाईंनी नाकाला पदर लावला. मला पदर नव्हता आणि चष्माही नव्हता, म्हणून मी तशीच उभी राहिले.

आता पिशवीचं तोंड उघडलंय. धाकटी पुढे गेली, तिचा रुबाब काही औरच, कारण तिच्यात खरं होतं. माझ्याबद्दल एवढंच म्हणा की मी गळले नाही. माझी तक्रार नाही. उद्या-परवा एखाद्या सकाळी माझी एखादी बहीण तुमच्याही हातात येईल. तिला पाहून नाक मुरडलंत तरी चालेल, मोज्यात घालून नेलीत तरी चालेल. पण तिच्यात स्वतःचंच भरा, आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्या. बरंय, येते मी.